बाजूच्या सीटचा ब्रेक

गाडी करंट मेकॅनिककडे न्यायची, एवढंच काम होतं. सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगितलं, "सूनबाई, दुपारी जाऊन ये. नवा कॉम्प्युटर बसवलाय, चालवून बघायचंय म्हणतो." आणि वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. तिने खुंटीवरची किल्ली काढली. अपघातानंतर त्या गाडीची किल्ली ती पहिल्यांदाच हातात घेत होती.

सासऱ्यांचं ड्रायव्हिंग स्कूल. छतावर पाटी लावलेल्या दोन गाड्या, त्यातली ही जुनी. हिच्या इंजिनाचा मूळ कॉम्प्युटर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी, आणि पेटी कसली, हट्टी म्हातारी. तिच्यात जरा काही बदलायचं तर चिप उखडा, नव्याने भरा, पुन्हा कथलाचा डाग द्या, असा सगळा कुटाणा. अपघातानंतर तर ती पारच बिघडली. शिकाऊ माणसाने क्लच दणकन सोडला की गाडी बंद. म्हणून करंटने नवी पेटी बसवली. हिला लॅपटॉप जोडला की चालत्या गाडीत पेट्रोल कमीजास्त करता येतं, आणि ठरवलेल्या वेगाच्या वर इंजिनाचा घासच तोडता येतो. करंट म्हणजे गाड्यांचं वायरिंग करणारा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा चटकन आठवत नसावं.

सासरे खूश होते. "आता कॉम्प्युटरच वेग धरून ठेवणार," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते. "बाजूच्या ब्रेकचं एवढं कौतुक कशाला?" बाजूचा ब्रेक म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा, गाडी थांबते. सोमवारपासून त्या सीटवर बसून शिकवायचं होतं तिला. आणि तिच्या आधी तिथे बसायच्या मॅडम.

निम्म्या गावाला गाडी शिकवली होती मॅडमनी. लग्न होऊन आली तेव्हा हिलाही त्यांनीच शिकवलं. बारमाही सर्दी, त्यामुळे मुठीत निलगिरीच्या तेलाचा रुमाल. गाडीत बसलं की आधी तो वास यायचा. आवाज कधी चढायचा नाही. लहानमोठ्या सगळ्यांना अहोजाहो. ब्रेक हवा असेल तर त्या 'ब्रेक' म्हणायच्या, क्लच हवा असेल तर 'क्लच', आणि नुसतं 'पाय काढा' म्हटलं की रेसवरचा पाय काढायचा. पहिल्या दिवशी शिकवायच्या हे. स्कूलमधल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारावं, 'पाय काढा' म्हणजे रेस.

हिची आई आजारी होती म्हणून ही माहेरी गेली, आणि तेवढ्यात सगळं घडून गेलं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ शिकत होते. घाबरले, ब्रेक समजून रेस दाबत राहिले, आणि गाडी गोदामाच्या भिंतीवर गेली. गृहस्थ कपाळाला पट्टी लावून घरी आले. मॅडम जागच्या जागी गेल्या. गृहस्थांनी खरं तेच सांगितलं, की मॅडम सारख्या म्हणत होत्या, पाय काढा, पाय काढा. सासऱ्यांनी ते वाक्य उचललं आणि गावभर फिरवलं. "ऐकलंत? माणूस बिचारा ब्रेक दाबतोय आणि ही बाई म्हणते पाय काढा! आणि स्वतःच्या बाजूचा ब्रेक? त्याला पायसुद्धा लावला नाही."

लोकांना काय, पटलं. मॅडमचे यजमान शिंपी. त्यांच्या दुकानाचं शटर तेव्हापासून अर्धंच वर असायचं. बायकोने एका म्हाताऱ्याला भिंतीवर घातलं, असं गिऱ्हाईकं तोंडावर बोलायची, आणि ते मान खाली घालून कापड मोजायचे. ही परत आली, हे ऐकलं आणि तिच्या डोक्यात तिडीकच गेली. "बाबा, 'पाय काढा' म्हणजे रेस. हे तुम्हाला माहीत नाही?" सासरे म्हणाले, "झालं ते झालं. आता मेलेल्या बाईचं काय बिघडतंय?"

मेलेल्या बाईचं काय बिघडतंय! असं म्हणणाऱ्याच्या घरात जेवायचं, ह्याचीच तिला दिवसेंदिवस चीड यायची. पण नवरा मूग गिळून, आणि हिच्या हातात तरी काय होतं?

करंटने दुपारी तिला गोदामांमागच्या रस्त्यावर न्यायला सांगितलं. सरळ, लांब, ओसाड रस्ता. दोन्ही बाजूंना पत्र्याची बंद दारं, आणि अगदी टोकाला भिंत. आभाळ खाली आलेलं, वारा पडलेला. पत्रे तेवढे मधूनच कडकड वाजत होते. तो बाजूच्या सीटवर बसला, पाय मागे ओढून घेतले आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. "सरळ रेस देत जा, ताई. मध्ये सोडू नका."

तिने रेस दिली. गाडी जराशी पळाली आणि मंदावली.

"ब्रेक नका दाबू, ताई."

"नाही दाबला."

पुन्हा तेच. तो वैतागला. "अहो, इथे दिसतंय ना मला. ब्रेक लागतोय म्हणून कॉम्प्युटर सांगतोय. असं कसं जमायचं?"

"तुमच्या कॉम्प्युटरला चष्मा लावा," ती म्हणाली. "माझा पाय रेसवर आहे. वाका आणि बघा."

तो वाकला. तिचा पाय खरंच रेसवर होता. मग वर येता येता त्याची नजर स्वतःच्या पायांकडे गेली आणि तो तसाच वाकलेला राहिला.

"काय झालं?"

"ताई…" त्याने बोटाने दाखवलं. "हे माझ्या बाजूचं पेडल… खाली चाललंय."

तिनेही पाहिलं. करंटचे दोन्ही पाय सीटखाली होते. त्यांच्या पुढ्यात ते पेडल सावकाश, एकसारखं खाली जात होतं. तळाला टेकलं आणि तिथेच राहिलं, किंचित थरथरत. गाडी थांबली. धक्का नाही, काही नाही. तशी गाडी एकच बाई थांबवायची. काचा बंद होत्या, आणि गाडीत निलगिरीचा वास होता.

दोघं दोन दारांनी बाहेर पडली. करंटने विजेरी काढली. भीतीने त्याला घाम फुटला होता, पण वायर कुठून कुठे जाते हे बघितल्याशिवाय त्याला घास गेला नसता. दार उघडं ठेवून, एक पाय बाहेरच ठेवून, तो पेडलच्या मागे उजेड टाकत राहिला.

"ताई, ह्याला केबलच नाही."

"म्हणजे?"

"ह्या पेडलची केबल तुमच्या ब्रेकला जोडलेली असते. इथे टोक मोकळं आहे. तारेने वर बांधून ठेवलंय. गंज बघा केवढा चढलाय. हे अपघातानंतरचं नाही, त्याच्या कितीतरी आधीचं आहे. पेडल नुसतं दाखवायला ठेवलंय."

खरं तर तिला भीती वाटायला हवी होती. तिला राग आला. असा राग, की हातातली किल्ली तळव्यात रुतली तरी कळलं नाही. मॅडमनी ब्रेक दाबला होता. जीव खाऊन दाबला असणार, भिंत दिसेपर्यंत, भिंत येईपर्यंत. आणि सासरे केबलचं ठाऊक असून गावभर सांगत फिरले, की पायसुद्धा लावला नाही. तिने फोन लावला. "बाबा, गाडी अडलीय. इकडे या."

सासरे स्कूटरवरून आले, कुरकुरतच. केबलचं टोक दाखवलं तेव्हा त्यांनी नजर पत्र्यांकडे वळवली. "जुनी केबल अडकायची. म्हणून मोकळी केली. नवी टाकणारच होतो."

"कधी? सोमवारी मी बसणार होते तिथे."

"अगं, म्हणून तर कॉम्प्युटर बसवला ना!"

करंट चाचरत म्हणाला, "मालक, कॉम्प्युटर इंजिन रोखतो. ब्रेक नाही लावत. आणि वेगाची हद्द अजून घातलेलीच नाही… आणि ते पेडल आपोआप…"

"भुताटकी लावलीय नुसती," सासरे कडाडले. "दिवसाढवळ्या! मी बसतो बाजूला. चालव तू."

ते बसले. करंट मागे बसला, तोही केवळ लॅपटॉप त्याचा होता आणि वायर पुढे गुंतली होती म्हणून. तिने गाडी सुरू केली आणि रेस दिली. या वेळी गाडी मंदावली नाही. पत्र्याची दारं भराभर मागे पडू लागली. टोकाची भिंत दिसू लागली, नवं प्लास्टर मारलेला तिचा पांढरट भागही दिसू लागला.

"हळू," सासरे म्हणाले.

तिचा पाय रेसवरच होता.

"हळू घे म्हणतो ना…"

"तुमच्या पायाशी ब्रेक आहे, बाबा. दाबा."

त्यांनी दाबला. पेडल पोकळ आवाज करत तळाला गेलं आणि गाडी होती तशीच पळत राहिली. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. भिंत मोठी होत होती.

"पाय काढ!" ते ओरडले. "सूनबाई, पाय काढ, पाय काढ!"

"कशावरचा? ब्रेकवरचा?"

"रेसवरचा गं! रेसवरचा पाय काढ!"

"हो ना?" ती म्हणाली. "मॅडम हेच म्हणत होत्या."

तिने पाय काढला. तो ब्रेकवर जायच्या आत गाडी मंदावायला लागली. तिने दोन्ही पाय सीटवर ओढून घेतले. भिंतीच्या अगदी पुढ्यात, काही हिसका न बसता, गाडी उभी राहिली. तिने किल्ली काढून मुठीत धरली. इंजिन गप्प झालं. निलगिरीचा वास आता एवढा दाट होता, की डोळ्यांत पाणी येत होतं.

"चला," ती म्हणाली. "मॅडमच्या घरी जायचं. आत्ता बोललात ते त्यांच्या यजमानांसमोर बोलायचं. केबलचंसुद्धा."

"बोलतो." सासऱ्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"मग उतरा. इथून चालतच जाऊ."

ते उतरले नाहीत.

"उतरा, बाबा."

"निघत नाही…"

"काय निघत नाही?"

"पाय…" त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि ओढला. पाय हलला नाही. "वरून कुणीतरी…"

करंटने मागून हात लांबवून विजेरीचा उजेड खाली टाकला. पेडल तळाला टेकलेलं होतं. त्यावर सासऱ्यांचा पॉलिश केलेला काळा बूट होता, आणि बुटाचं चामडं वरून दबलं होतं. एका बाजूला चवड्याएवढा खोलगट भाग, आणि त्याच्या पुढे ओळीने बोटांचे लहान लहान खड्डे.

"बोलतो," सासरे रडत म्हणाले. "सगळ्यांसमोर बोलतो. केबल मीच काढली. मीच…"

तिने त्यांना हात दिला नाही. ती खाली बघत होती. ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, आणि विजेरीच्या उजेडात बुटाचं चामडं अजून थोडं, अजून थोडं आत जात होतं.