अंगदचा ग्लास

नवीन जालन्यात बियाणांच्या दुकानामागं एक गोदाम आहे. आमचा रेडिओ तिथूनच चालतो. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकल्यात. दाराची आतली मूठ कधीच तुटली, त्यामुळे रेकॉर्डिंग करणारा परवेज बाहेरून उघडेल तेव्हाच सुटका. उन्हाळ्यात माणूस आत नुसता भाजून निघतो.

मी शालू. दारूच्या व्यसनावर मालिका लिहीत होते. माझा एकच नियम होता, बाटलीचा, ग्लासाचा आवाज घ्यायचा नाही. सोडलेल्या माणसाला नुसतं बूच फिरल्याचं ऐकू आलं तरी घसा कोरडा पडतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझा धाकटा भाऊ हरिओम मोठ्या मुश्किलीनं सुटला होता, आणि मालिकेतल्या दारुड्या अंगदचं काम तोच करत होता. "ताई, मला सोंग आणावं लागत न्हाई," म्हणाला. लई हुशार!

पहिलं रेकॉर्डिंग झालं आणि परवेजनं हेडफोन माझ्या कानाला लावला. "मॅडम, आत कुणी बाटली नेल्ती का?"

अंगदच्या वाक्यामागं बूच फिरलं. काहीतरी ओतलं गेलं. मग स्टीलच्या ग्लासावर नखाची टिचकी. टिक.

"डोकं फिरलं का तुझं? आत पाण्याचा तांब्यासुद्धा नव्हता."

परवेजनं ते कापलं. पुढच्या भागात परत आलं. त्यानं माइक बदलला, वायरी बदलल्या. मी गोष्टीत अंगदला दवाखान्यात नेलं, मंठ्याला सासुरवाडीला नेलं. आवाज मागोमाग. ती टिचकी मात्र माझ्या ओळखीची होती. हरिओम प्यायला बसला की आधी बोट बुडवून थेंब जमिनीवर उडवायचा, मग अशीच टिचकी मारायचा. ती ऐकली की आमची आई ताटावरून उठायची.

नंतर हरिओम वाक्याच्या मध्येच थांबू लागला. बराबर त्या आवाजापुरता.

"हऱ्या, तुला ऐकू येतं?"

तो गादीकडं बघत राहिला. "आधी घरी यायचा, ताई. रोज, उशाशी. मालिका सुरू झाली अन् तिकडं बंद झाला. इथं येऊन राह्यला म्हणून मी वाचलो. तू लिहीत राहा."

पण मालिका संपवायचं वरून ठरलं होतं. शेवटच्या भागात अंगद सुटतो, असं लिहिलं. म्हटलं, शिकल्यासवरल्या बाईनं असल्या गोष्टींना काय घाबरायचं!

"बिलकुल साफ, मॅडम!" शेवटचं रेकॉर्डिंग संपल्यावर दार उघडत परवेज म्हणाला. त्यानं पेढे वाटले. हरिओमनं त्याचा पेढा खाल्लाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरिओमचा फोन आला. आधी बूच फिरलं.

"ताई, तुझी शपथ, घरात एक थेंब न्हाई." मागं ओतणं थांबतच नव्हतं. "तरी कुणीतरी भरून राह्यलंय. लिही. जल्दी लिही."

मी कागद ओढला. अंगद परत गुत्त्यावर गेला, असं लिहिलं.

ओतणं थांबलं. हरिओम लहान पोरासारखा रडत होता.

पेन थांबलं, की टिक.

मालिका आता कुठंच लागत नाही. मी लिहितेच आहे. हरिओम अजून प्यायलेला नाही, तेवढं मला बास आहे.

आज लिहिता लिहिता पाण्याचा ग्लास ओढला. फरशीवर एक थेंब पडला.

बोट माझंच ओलं होतं.