वरचा पंख

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली, तेव्हा माझ्या एका हातात गळती छत्री होती, काखेत एक भलामोठा खोका आणि तोंडात अर्धं बिस्किट.

बऱ्याच वेळाने वरून दार फाकल्याचा आवाज आला. आधी टॉर्चचा उजेड, मग त्यामागून एक चेहरा डोकावला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, केस विस्कटलेले.

"घाबरलात का?"

"नाही. भूक लागलीय."

तो हसला. "हात द्या, वर ओढून घेतो."

"आधी हा खोका घ्या. जपून हं... आत विमान आहे."

त्याने खोका घेतला, टॉर्च त्यावरच्या चित्राकडे वळवला आणि मला चक्क विसरला. "बायप्लेन!" तो स्वतःशीच पुटपुटला. "जुनं, तारांचं... काय देखणं आहे!"

"अहो..."

"हो, हो."

"अहो, मी अजून आतच आहे!"

मग कुठे त्याने हात पुढे केला. खरखरीत, उबदार हात. मी वर आले तरी तो सोडायचं त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही... जरा उशिराच आलं.

"हे तुम्ही करणार?"

"माझे बाबा करणार."

"फार अवघड असतं हो हे. मी लहानपणापासून मॉडेलं करतो, पण एका पंखाची. दोन पंखांच्या वाटेला कधी गेलो नाही."

"का?"

"वरचा पंख!" तो म्हणाला. "खालच्या पंखावर काडीएवढे खांब उभे करायचे आणि वरचा पंख एका दमात त्या सगळ्यांवर टेकवायचा. एक खांब सरळ करावा तर दुसरा आडवा होतो. आणि ते जमलं की मग तारा ओवायच्या."

"मग या की कधी बघायला," मी आपलं बोलायचं म्हणून बोलले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दारात उभा होता. कपाळ स्वच्छ धुतलेलं, केस चापून बसवलेले.

बाबा कटिंग मास्टर. उभा जन्म गणवेश बेतण्यात गेला. मग एका सकाळी त्यांचा उजवा हात रुसला तो रुसलाच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटांना बारीक काम द्या. मी मणी आणून दिले, ते बाबांनी भिरकावले. "मी काय बालवाडीत आहे?" आणि मग, जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "विमान आण. दोन पंखांचं."

ते लहान असताना त्यांच्या वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानामागच्या माळावर असं एक विमान उतरलं होतं. पंखाचं कापड फाटलेलं. वैमानिक थेट दुकानात आला. आजोबांनी दोरा-सुई घेऊन पंख शिवला, वर खळ फासली, आणि विमान उडालं. "माझ्या बापाची शिलाई आभाळात गेली होती," बाबा सांगायचे. ते सांगताना त्यांची मान अशी काही ताठ व्हायची!

लिफ्टवाल्याने ही गोष्ट मांडी घालून ऐकली, आणि शेवटी विचारलं, "टाका कुठला घातला होता?" झालं. बाबांनी त्याला त्याच क्षणी घरात घेतलं. नावही ठेवलं. पायलट.

खिडकीपाशी टेबल मांडलं. मी दातांच्या लॅबमध्ये कामाला, तिथून बारीक चिमटे, कानशी, भोकं पाडायच्या सुया आल्या.

"तुम्ही दात बनवता?" पायलटने विचारलं. "खरे?"

"खोटे. खरे तुमचे तुम्ही सांभाळा."

"म्हणजे तुमच्यासमोर हसायची पण चोरी."

"हसा की. वरचा डावा सुळा जरा वाकडा आहे, तेवढा सोडला तर बरं हसता."

त्याने पटकन ओठ मिटले. बाबा खुसुखुसु हसायला लागले.

संध्याकाळ झाली की काचेवर पाऊस, खोलीत गोंदाचा उग्र वास, आणि तीन डोकी एका दिव्याखाली. बाबा डाव्या हाताने तुकडा धरायचे आणि उजव्याची दोन बोटं कशीबशी त्याच्यापाशी न्यायचे. कधी नेम लागायचा, कधी तुकडा टेबलाखाली. मग मी आणि पायलट दोघंही टेबलाखाली... आणि तुकडा सापडला तरी आम्हाला वर यायची फारशी घाई नसायची.

"सापडला का?" वरून बाबा.

"शोधतोय!" खालून आम्ही दोघं.

वरचा पंख बसवायचा दिवस आला तेव्हा मी छताचा पंखाही बंद केला. खांबांच्या टोकांना गोंदाचा थेंब थेंब लागला. पायलटने एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने पंख अलगद खाली आणला. बाबा समोर बसून डोळ्यांच्या रेषेत बघत होते, शर्टाची बाही बघावी तसे. "डावीकडे कणभर. आणखी... बास! धरून ठेवा."

धरून ठेवलं. गोंद वाळेपर्यंत हलायचं नव्हतं. त्याचा चेहरा इतका जवळ होता की पापण्यांवर चढलेली पॉलिशपेपरने घासल्याची धूळसुद्धा दिसत होती.

"हलू नका," तो कुजबुजला.

"मी कुठे हलतेय? तुमचेच हात थरथरताहेत."

"पंख्याचा वारा लागतोय."

"पंखा बंद आहे."

तो लाल झाला. कानांच्या पाळ्यांपर्यंत. बाबांनी घसा खाकरला. "चिकटलं की सांगा बरं का... विमानाचं म्हणतोय मी."

मग तारांचं काम सुरू झालं. केसाहून बारीक, ताणला जाणारा दोरा. वरच्या पंखाच्या भोकातून घ्यायचा, तिरका खाली आणायचा, ताणून चिकटवायचा. ढिला राहिला तर झोळ दिसतो, जास्त ओढला तर पंख वाकतो. एका संध्याकाळी एखाद-दुसरी तार व्हायची. आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर कालची तुटलेली! गोंद खराब आहे, असं मी म्हणायचे. हवा दमट आहे, असं पायलट म्हणायचा. बाबा काहीच म्हणायचे नाहीत.

एकदा लॅबची वीज गेली म्हणून मी दुपारीच घरी आले. बाबा टेबलाशी बसले होते, पाठमोरे. डाव्या हातात माझी छोटी कात्री. कच्... काल बांधलेली तार मधोमध तुटली.

"बाबा!"

ते दचकले. मग लहान मुलासारखं म्हणाले, "ढिली होती ती."

"काल मी स्वतः ताणून बघितली होती."

बाबांनी कात्री खाली ठेवली. "चिमणे, त्याची बदली झालीय. लांबच्या शहरात. त्याने साहेबांना सांगून ठेवलंय, हातातलं काम झालं की येतो. हातातलं काम म्हणजे हे." त्यांनी विमानाकडे मान वळवली. "म्हटलं, जरा लांबवू या. तेवढ्यात तुमच्यापैकी कुणालातरी कंठ फुटेल."

मला खूप हसू आलं. हसता हसता कधी डोळे भरले ते कळलंच नाही.

त्या संध्याकाळी पायलट आला तेव्हा मी त्याच्याशी बोललेच नाही. आत जाऊन चहा केला, भांडी उगाच जरा जास्त आपटली. चहा झाल्यावर बाबा म्हणाले, "आज तारा राहू देत. पाऊस थांबलाय, गच्चीवर वारा छान असेल. जा जरा दोघं."

गच्ची ओली होती. डबक्यात आभाळाचा तुकडा पडला होता, फिकट नारिंगी.

"बदलीचं सांगणार होतात, की एक दिवस नुसतेच उडून जाणार होतात?"

तो कठड्याला टेकून खाली बघत राहिला. "सांगून काय करू? तुम्ही बाबांना सोडून येणार नाही. येऊही नये. मग विचारून तुम्हाला कशाला पेचात टाकू?"

"आणि बाबांना घेऊन आले तर?"

त्याने झटकन वर बघितलं. मग पुन्हा खाली. "तिकडे... तळमजल्यावरचं घर बघून ठेवलंय मी. त्यांना जिने नकोत म्हणून. खिडकीही मोठी आहे. टेबल मावेल."

"म्हणजे घर बघून झालं? मला न विचारता?"

"आता विचारतोय ना..." तो माझ्याकडे वळला. "येशील?"

येशील. तुम्हीवरून तू.

"येईन," मी म्हणाले. मग वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हणाले, "हो. येईन."

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि तो सुळाबिळा सगळं विसरून तोंडभर हसला. आम्ही बराच वेळ तिथे नुसते उभे होतो. मग जिना उतरताना बाबांना कुणी सांगायचं यावरून भांडलो. "तू सांग." "मी का? मागणी तू घातलीस." "'हो' तू म्हणालीस." एकेका पायरीवर थांबत, हसत, एकमेकांना कोपरखळ्या मारत आम्ही खाली आलो.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. मान एका बाजूला कललेली, चष्मा नाकावर घसरलेला. नेहमीसारखी डुलकी.

मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले, त्यांचा रुसका हात हातात घेतला आणि सांगून टाकलं. "बाबा, मी हो म्हटलं! आपण सगळे जायचंय. तळमजला आहे, जिने नाहीत..."

पायलटने मागून माझा खांदा धरला. माझ्याआधी त्याला कळलं होतं.

पुढचं सगळं त्यानेच केलं. डॉक्टरांना बोलावणं, नातेवाइकांना फोन, आत्याला आणायला स्टँडवर जाणं. मी एका कोपऱ्यात बसून होते. रडू आलं नाही. लोक म्हणत, पोरीने मन घट्ट केलंय. घट्ट कुठलं... आत काही हलतच नव्हतं.

आणि त्याचा आवाज जिन्यात आला की मला धडकी भरायची. तो जिना. त्या जिन्यावरचं आमचं हसू. आम्ही पायरीपायरीवर खिदळत होतो, आणि एका दारापलीकडे बाबा एकटे...

डॉक्टरांनी सांगितलं होतं, एका क्षणात झालं, कुणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं. डोक्याला पटत होतं.

एक दिवस मी त्याला दारातच थांबवलं. "तुम्ही जा आता तुमच्या बदलीच्या गावी."

माझं 'तुम्ही' त्याला लागलेलं मला दिसलं.

"मी थांबतो. काही घाई नाही. हवा तेवढा वेळ..."

"नका थांबू. तुम्हाला बघितलं की मला तो जिना आठवतो. मला नाही सहन होत."

त्याचे ओठ हलले. काहीतरी सांगायचं होतं त्याला. मी दार लावून घेतलं. दारापलीकडे तो कितीतरी वेळ उभा होता. मग पावलं खाली गेली, हळूहळू. लिफ्ट चालू असूनही तो जिन्यानेच गेला.

पावसाळा सरला, थंडी आली. आत्या माझ्याजवळच राहिली होती. सुट्टीच्या दिवशी मी टेबलाशी बसून उरलेल्या तारा ओवायचे. एकटीने पंख धरायचा, एकटीनेच दोरा ताणायचा. आत्या मधूनच डोकावून म्हणायची, "त्या तारांत जीव अडकवून बसलीयेस, पोरी." शेवटची तार चिकटली त्या दिवशी मला वाटलं होतं, आता तरी रडू येईल. नाही आलं. विमान सुरेख दिसत होतं. दाखवायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला म्हटलं, "मी जरा जाऊन येते." कुठे, ते तिने विचारलं नाही. डबा तेवढा भरून दिला. दोघांना पुरेल एवढा.

त्याच्या बदलीच्या गावी पोचून कंपनीत चौकशी केली, त्यांनी एका उंच इमारतीचा पत्ता दिला. तिथे लिफ्टचं दार उघडं होतं, समोर दोरी बांधलेली, आणि खालच्या खड्ड्यातून ठोकाठोकीचा आवाज येत होता. मी दोरीपाशी उभी राहिले. काय हाक मारायची तेच सुचेना.

"पायलट..."

आवाज थांबला. बऱ्याच वेळाने खड्ड्यातून त्याचं डोकं वर आलं. वाळला होता. दाढी वाढली होती. माझ्याकडे असं बघत राहिला, जसं काही बोलला तर मी नाहीशी होईन.

"तू बरी आहेस?"

"नाही," मी म्हणाले. "बरी नाहीये अजून. पण आले."

तो वर आला. हात पुसत, माझ्यापासून चार हात लांबच उभा राहिला. "त्या दिवशी दारात एक सांगायचं होतं. राहून गेलं. गच्चीवर जायच्या आधी... तू आत चहा करत होतीस ना... मी बाबांना विचारलं होतं."

"काय?"

"तुला मागणी घालू का म्हणून. ते म्हणाले, 'मला काय विचारतोस? कापड तिचं, माप तिचं. तिलाच विचार.'" तो हात पुसतच राहिला. "वर पाठवताना मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, 'ती हो म्हणेल बघ. आणि म्हणाली तर सावकाश या खाली. मला घाई नाही.'"

मी तिथेच, त्या अनोळखी इमारतीच्या पायरीवर बसले. आणि आतलं काहीतरी हललं. हुंदके आवरेनात. येणारी-जाणारी माणसं बघत होती, बघू देत. तो माझ्याशेजारी बसला, ग्रीसचे हात माझ्या कपड्यांना लागू नयेत म्हणून गुडघ्यांवर उलटे ठेवून. मीच त्यातला एक ओढून घेतला.

खूप वेळाने वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, लिफ्ट कधी चालू होणार म्हणून.

"थोडंच काम राहिलंय," तो म्हणाला. "थांबशील?"

मी मान डोलावली. तो खड्ड्यात उतरला. मी डोळे पुसले, डबा मांडीवर घेतला आणि पायरीवर बसून राहिले.