सल्काआजीचा कंदील

तिसरा चहा ओत, मग सांगतो. आणि तो मोबाइल उलटा ठेव. उजेड नको.

माझा मावसभाऊ बिलखैर, तो जुनाट गाडीवाला. गेल्या वर्षी शाबान महिन्याची सत्ताविसावी रात्र, बुधवार. किफा शहराहून एकटाच परत येत होता. गाडीत मागे सौरदिवा, खांबासकट. सल्काआजीला जाऊन वर्ष झालं होतं. गावाबाहेरच्या टेकडीवर, तिच्या कबरीपाशी, तिच्या नावाने तो दिवा लावायचा ठरलं होतं. शुक्रवारी हाकीमसाहेब, म्हणजे सरकारी अधिकारी, येऊन भाषण करणार होते.

तुम्ही तिला म्हातारपणीच पाहिलंत. ती मालकाच्या तंबूत गुलाम म्हणूनच जन्मली. त्यांच्या शेळ्या राखल्या, मार खाल्ला. एका रात्री पळाली आणि इथे, जिथे चिटपाखरू नव्हतं, तिथे थांबली. विहीर तिने खणली. मग एकेक पळालेलं माणूस येत गेलं, गाव झालं. भांडण असो की लग्न, शेवटचा शब्द तिचा. टेकडीवर ती रोज रात्री कंदील घेऊन बसायची. एकटी. अंधारात कोणी पळून येत असेल तर त्याला गाव दिसावं म्हणून. बिलखैरला त्याच्या आईने पाठीला बांधून आणलं, ते त्याच उजेडावर.

ती गेली आणि कंदील बंद झाला. "रेडिओ ऐकत नाही का?" पोरं म्हणायची. "मॉरिटानियातली गुलामी संपली. आता कोण पळून येतंय?"

निघताना बिलखैरच्या बायकोने, झैदाने, टोमणा मारलाच होता, "जिवंत होती तोवर कोणी तिच्यापाशी जाऊन बसलं नाही. आता खांब पुरताय!"

रस्ताभर तेच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

डांबरी रस्ता सोडून तो वाळूत शिरला. चंद्र नव्हता. गाव झोपलेलं. आणि टेकडीवर उजेड दिसला.

पिवळा. छोटा. कंदिलाचा.

त्याला वाटलं, कुणी चेष्टा करतंय. गाडी थांबवून ओरडला, "कोण रे तिकडे? घरी जा!"

उजेड हलला. टेकडी उतरला... गावाकडे नाही. उलट्या बाजूला, उघड्या वाळवंटात. थोडा जायचा. थांबायचा. पुन्हा जायचा.

बिलखैरने गाडी तिकडेच वळवली. मला म्हणाला, "फार एकटा वाटला रे तो उजेड. तसाच जाऊ देववेना."

एका उंचवट्यामागे उजेड विझला.

त्याने इंजिन बंद केलं.

शांत...

मग अगदी कानापाशी... खोकला.

तो खोकला गावातलं शेंबडं पोरही ओळखेल.

"आजी?"

...

"उशीर केलास, बिलखैर."

बस. एवढंच. मग वारासुद्धा नाही.

त्याने टॉर्च मारली. वाळूत एक मुलगी बसलेली. छातीशी तान्हं बाळ. लांबच्या कुठल्याशा तळावरून, मालकाच्या तावडीतून सुटून चालत आली होती.

"मला परत नेऊ नका, काका..."

"नाही नेत, पोरी. बस गाडीत."

ती बसली आणि मागे वळून पाहू लागली. "त्या आजींना नाही घ्यायचं?"

"कुठल्या?"

"कंदीलवाल्या. त्यांनीच तर आणलं इथवर. फार बोलल्या नाहीत... पण हात धरून होत्या."

बिलखैर उतरला. मागचं दार उघडून धरलं. बराच वेळ.

कोणी चढलं नाही.

गावात येताच त्याने सगळ्यांना उठवलं. शुक्रवारची वाट कोण बघतंय? पहाटेच्या अजानीआधी खांब उभा राहिला, दिवा लागला. पुढे मालकाची माणसं शोधत आली, तेव्हा अख्खं गाव विहिरीपाशी येऊन उभं राहिलं. ती माणसं मुकाट्याने परत गेली. मुलगी आज आपल्यातच आहे. तुम्ही तिला ओळखता. नाव मी सांगणार नाही.

पण एक राहिलं.

त्या रात्री झैदाने तिचे पाय धुतले. तळव्यांची चाळण झालेली. काटा मात्र एकही नव्हता. "कोणी काढले गं?" झैदाने विचारलं. मुलीला आठवेना. मध्येच कुठेतरी डोळा लागला होता म्हणाली.

उजाडल्यावर मी टेकडीवर गेलो. सल्काआजीच्या कबरीवर काटे ठेवलेले होते. मूठभर. नीट गोळा करून.

टोकं अजून रक्ताने ओली होती...