पायरीवर ओतलेली बाटली

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात एक शब्दही वाढवून लिहिणार नाही. हे सगळं माझ्या हातून घडलंय.

गेला ऑक्टोबर. शुक्रवार. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.

भिवंडीत मानकोली नाक्याच्या आत, गोदामांच्या मागे एका खाजगी विद्यापीठाचा कॅम्पस आहे. नाव लिहीत नाही. मी तिथे सिक्युरिटी सुपरवायझर आहे. बॅगा तपासायच्या, दारू, गुटखा, गांजा पकडायचा, रजिस्टर भरायचं, ही माझी ड्युटी. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या कशेळीच्या घरी कुणाच्या अंगात आलं की मी उठून बाहेर जायचे.

त्या दिवशी मागच्या गेटवर वाघ्याच्या पिशवीत मोहाच्या दारूची बाटली सापडली.

वाघ्या आमचा गार्ड. साठीचा माणूस, शेजारच्या पाड्यावर राहणारा. अकरा वर्षांच्या नोकरीत त्याच्या तोंडाला कधी वास आला नव्हता.

"ताई, माझ्यासाठी न्हाय ती," तो म्हणाला. "नवा भात निघाला. राखणदाराला हिची धार सोडायची हाय, त्या कुंपणापाशी. आमचं शेत व्हतं येथं. तो अजून तेथंच हाय."

मी एकटी असते तर कानाडोळा केला असता. पण मागे दिनेश सर उभे होते. आमचे नवे सेफ्टी ऑफिसर, दोनच महिने झालेले.

"कॅम्पसमध्ये एक थेंब चालणार नाही. रूल म्हणजे रूल."

वाघ्याला तिथल्या तिथे घरी पाठवलं.

जप्त केलेल्या बाटल्या गार्डच पितात, अशी मागे कुणीतरी तक्रार केली होती. म्हणून सरांनी पद्धत घातली होती. दारू सगळ्यांसमोर ओतायची, व्हिडिओ काढायचा आणि ओतताना पंचनामा मोठ्याने वाचायचा. व्हिडिओची त्यांना भारी हौस!

केबिनचं बेसिन तुंबलं होतं. मी बाटली मुलींच्या हॉस्टेलच्या पायरीवर नेली. साक्षीदार म्हणून व्यसनमुक्ती समितीची मुलगी बोलावली. ती हेमाली, माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. माझ्या भरवशावर बहिणीने तिला इथे ठेवली होती.

मी बाटली उलटी केली आणि कागद वाचला. तारीख, वेळ, ठिकाण… आणि हेमालीचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

त्याच क्षणी…

सगळे आवाज थांबले.

इथे ट्रकांची घरघर चोवीस तास असते. हॉर्न, रिव्हर्सची पिपाणी, हमालांची आरडाओरड. ते सगळं एकदम बंद झालं. दोनतीन सेकंदच. मग पुन्हा सुरू.

"मावशी, तू हाक मारलीस का गं?" हेमालीने मागे वळून विचारलं.

मी तिच्या समोर उभी होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. हेमाली दर शनिवारी घरी जायची. संध्याकाळी बॅग घेऊन निघाली, रिक्षापर्यंत गेली आणि परत आली.

"काय गो, काय विसरलीस?"

"पाय उचलत नाही मावशी. रिक्षात पाय ठेवताच येत नाही."

सहानंतर आत येणाऱ्या प्रत्येकाला मशीनमध्ये फुंकायला लावायचं, हा नियम. भाची असली म्हणून काय झालं? मी मशीन तिच्या तोंडासमोर धरलं.

लाल दिवा लागला.

जी मुलगी खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेते, तिच्या श्वासात दारू! सरांनी लगेच नोंद केली. तीन नोंदी झाल्या की विद्यापीठातून नाव कमी. हेमालीचं शेवटचं वर्ष होतं.

सोमवारी दुसरी नोंद झाली.

सर गेल्यावर मी तिला केबिनमध्ये बसवलं. नवं मशीन काढलं. तिने फुंकलं… शून्य.

माझा जीव भांड्यात पडला. मशीन बंद करायला हात खाली घेतला. ते तिच्या खांद्याजवळून गेलं. कुणीही फुंकलं नव्हतं…

लाल दिवा लागला.

मी हात तसाच धरून ठेवला. तिच्या खांद्यामागे भिंत होती आणि भिंतीवर आग विझवायचा सिलिंडर. दुसरं काही नव्हतं. पण मोहाचा उग्र वास आला आणि माझ्या मनगटाला ऊब लागली. श्वासाची असते तशी.

मी घाबरले. खरं सांगते, तिला तिथेच सोडून पळावंसं वाटलं.

त्या आठवड्यात हेमाली बदलत गेली. खोलीबाहेर रोज संध्याकाळी काठी टेकल्याचा आवाज येतो, असं ती सांगायची. ठक… ठक… आणि दाराशी थांबतो. एका सकाळी तिच्या खोलीत चिखल सापडला. आमच्या कॅम्पसमध्ये सगळीकडे सिमेंटचे ब्लॉक आहेत, मातीचं ढेकूळ शोधून मिळणार नाही. हा चिखल भातखाचरातला होता, ओला, काळा. दारापासून तिच्या पलंगापर्यंत माग होता.

परत जाणारा माग नव्हता.

"घरी चल," मी म्हटलं. "मी स्वतः नेते तुला."

"नको मावशी. इथे बरं आहे," ती हसून म्हणाली. "इथे माझी राखण होते."

हा शब्द तिला कुणी सांगितला? वाघ्याचं बोलणं मी आणि सर, दोघांनीच ऐकलं होतं.

दुपारची सुट्टी टाकून मी पाडा गाठला. वाघ्या अंगणात भात वाळवत होता. मी सगळं सांगितलं, तसा त्याचा हात थांबला.

"धार सोडताना नाव घेतलंस?"

"पंचनामा वाचला."

"माणसाचं नाव?" तो उठून उभा राहिला. "ताई, आम्ही भाताचं नाव घेतो. शेत गेल्यापासून कुंपणाकडच्या गवताचं घेतो. ज्याचं नाव घेतलं त्याला तो राखतो, शिवेभाईर जाऊ देत न्हाय. माणसाचं नाव कोन घेतं काय!"

"मग आता भाताचं घेते."

"माणूस मिळाल्यावर भात घेईल काय तो?" त्याने हाताला चिकटलेला भात झटकला. "दुसरं माणूस द्यायला लागंल. तुझ्याच हातानं. तिसरी अवस यायच्या आत… न्हायतर तिला तो आपल्याकडं घेऊन जातो."

कुठे घेऊन जातो, ते मी विचारलं नाही.

त्याच्याकडूनच बाटली घेतली. माझ्याच गेटमधून, माझ्याच डब्यात लपवून आत आणली. इतकी वर्षं पोरांच्या बॅगा उलट्या करणारी मी, त्या दिवशी गार्डची नजर चुकवत आत शिरले.

मी स्वतःचं नाव घेणार होते. देवाशपथ. मला मूलबाळ नाही, नवरा नाही. माझ्यासाठी कोण अडून बसलंय?

दिवेलागणीला हॉस्टेलच्या पायरीवर बाटली उघडली. हेमाली दारात उभी होती, डोळे खोल गेलेले.

"हे काय चाललंय?"

दिनेश सर. मोबाईल हातात, व्हिडिओ सुरू.

"तुम्ही? तुम्ही दारू आणता? भाचीला तुम्हीच पाजता तर! आज तिसरी नोंद. दोघींनाही बाहेर काढतो, पोलिसात देतो…"

माझं डोकं फिरलं. भीती, राग, दोन्ही एकदम. बाटली आधीच उलटी झाली होती, धार पायरीवर पडत होती आणि माझ्या तोंडून नाव बाहेर पडलं…

दिनेश सरांचं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट.

ट्रक थांबले. हॉर्न थांबले.

सर बोलता बोलता गप्प झाले. हळूच मागे वळून बघितलं. मग मोबाईल खिशात ठेवला आणि स्टाफ क्वार्टर्सकडे चालू लागले. नोंद केली नाही.

हेमाली त्याच संध्याकाळी माझ्यासोबत कशेळीला आली. रिक्षात बसल्या बसल्या झोपली. पुढे सत्राची परीक्षा पास झाली, आता घरूनच ये-जा करते. तिला यातलं काही आठवत नाही.

या गोष्टीला पहिली अवस होऊन गेली. मग दुसरी.

सर कल्याणला घरी गेलेले नाहीत. मुलीच्या वाढदिवसालाही नाही. संध्याकाळी गेटपर्यंत येतात, थांबतात आणि परत फिरतात. मी नजर वळवते.

काल त्यांची बायको आली होती. कडेवर लहान मूल. माझ्या केबिनमध्ये बसून रडली.

"ते म्हणतात, इथे राखण आहे, इथेच बरं आहे. ताई, तुम्ही त्यांच्यासोबत काम करता. तुम्हाला काहीतरी माहीत आहे. काहीही करायचं असेल तर सांगा, मी करीन."

मी तिला पाणी दिलं. काही माहीत नाही म्हणाले.

माहीत आहे. बाटली कुठे मिळते ते, पायरी कुठली ते, काय बोलायचं तेही. पण तिला सांगितलं तर ती कुणाचं नाव घेईल?

जाताना ती माझ्या टेबलासमोर थांबली. माझ्या छातीवरच्या ओळखपत्रावरच्या पूर्ण नावाकडे बघत होती, बराच वेळ.

परवा तिसरी अमावस्या आहे.