शेपूट कोणाचं?

वात जरा मोठी करा, मग सांगते. तशी गोष्ट साधीच आहे, मी पाव आणायला गेले होते.

शहराला वेढा पडला होता. दर घरामागे रोज एक तुकडा पाव मिळायचा, तोही कोंडा मिसळलेला. घरात मी आणि सासूबाई. हे लढाईवर जाताना "आईला जगव" एवढंच सांगून गेले, आणि त्या तर अंथरुणाला खिळलेल्या. जिभेची धार मात्र तशीच. पावात मीठ कमी पडलं की मलाच बोलायच्या, जशी काही भट्टी माझ्या माहेरची. मी चिडायचे, पण बोलताहेत म्हणजे जिवंत आहेत, एवढ्यावर माझा दिवस निघायचा.

वर बॉम्ब पडत म्हणून पावाचं दुकान तळघरात हलवलं होतं. जिन्यात भर दुपारीही मिट्ट काळोख. रॉकेल होतं ते पाववालीच्या कंदिलापुरतं. त्यामुळे पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरायचं आणि नव्याने येणाऱ्याने विचारायचं, "शेपूट कोणाचं?" रांगेत शेवटी असेल त्याने "माझं" म्हणायचं, म्हणजे खांदा सापडे. माणसाला शेपूट नसतं म्हणतात, आमच्याकडे रोज कोणाला तरी फुटायचं. उपाशीपोटीसुद्धा आम्ही त्यावर हसायचो.

त्या दुपारी शेपूट माझं होतं. ओल्या लोकरीचा आणि चुन्याचा वास कोंडला होता. पुढची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. तेवढ्यात मागून एका बाईचा दबका आवाज आला.

"शेपूट कोणाचं?"

"माझं."

खांद्यावर हात पडला. हलका, पण असा गार की थंडी स्वेटरमधून आत उतरली. "गारठा फार आहे ना?" मी म्हटलं. उपाशी माणसाला गप्पा कुठल्या सुचायला, म्हणून मी पुढे सरकले.

पाववालीची एक रीत होती. एकाला पाव देता देताच ती पुढचा तुकडा कापायला घ्यायची. कंदिलाच्या उजेडात एकच माणूस मावे, म्हणून मागे कोणी आहे का ते समोरच्यालाच विचारायची.

"मागे आहे?"

"आहे," मी म्हटलं. हात खांद्यावर होता ना. सुरी चालली.

मी माझा तुकडा पिशवीत टाकून बाजूला झाले. उजेडात कोणीच आलं नाही.

"अगं, कुठंय ती?"

तिने कंदील उचलून धरला, मी वळून पाहिलं. जिना रिकामा होता. आणि हात… हात तसाच खांद्यावर होता.

"थट्टा सुचतेय का तुला?" पाववाली भडकली आणि मग तिची नजर खाली गेली. फळीवर रेशनची एक चिठ्ठी पडली होती. ओलीचिंब, पाण्यातून काढल्यासारखी.

"चिठ्ठी तर आलीय…" ती पुटपुटली. "कापलेला तुकडा मला ठेवता येत नाही. तू 'आहे' म्हणालीस ना… तूच ने. भेटली की दे."

नाही म्हणायला मी काही संत नाही. दुसरा तुकडा पिशवीत पडला आणि मला सासूबाईंचे खपाटीला गेलेले गाल आठवले. आज त्यांचं पोट भरणार होतं. मी धडपडत वर आले. रस्त्यावरच्या उजेडात खांदा मोकळा झाला तेव्हा कुठे जिवात जीव आला. भुकेने डोकं फिरलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

घरात शिरून आधी कडी लावली. आतल्या खोलीच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले, तिथे दिवसाही काही दिसत नसे. तिथून सासूबाईंचा आवाज आला.

"आलात दोघी?"

"एकटीच आहे, आई."

"बरं बरं. तिला म्हणावं, ये इकडे पांघरुणात. गारठलीय बिचारी…"

ताप चढला असेल, मी मनाशी म्हटलं. स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही तुकडे वाडग्यात घातले, वर गरम पाणी ओतलं. सासूबाईंच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, पाव भिजवूनच द्यावा लागे.

वाडगा घेऊन मी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी आले आणि थबकले. अंधारात कोणीतरी चावत होतं. सावकाश. काहीतरी कडक दाताखाली मोडत होतं.

मी वाडग्यात बोट घालून पाहिलं. दोन्ही तुकडे होते.

"आई… काय खाताय?"

आवाज थांबला. मग तो पुन्हा सुरू झाला.

सासूबाई बोलल्या, पण माझ्याशी नाही. इतक्या मायेने त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या.

"हळू गं… दुखतंय."