चुलीपाशी कोण बसणार?

धुक्यातून आधी घंटा आली, मग दोन बैल, मग तो.

दोरालिसा पायवाटेच्या कडेला सरली, पण बैलानं तिच्या लाल शालीचं टोक तोंडात धरलंच.

"सोड रे! तुझ्या बैलाला घरी खायला घालत नाहीस का?"

"घालतो की. पण एवढं लाल गवत आमच्या डोंगरावर उगवत नाही."

हसू दाबत तिनं त्यालाही घर ओढायला येण्याचं साकडं घातलं. तेवढ्यासाठीच ती दारोदार फिरत होती. पणज्यानं होडीतून येऊन, जंगल तोडून वसवलेला तो कडा आता समुद्र खात होता. वडील, नोल्बेर्तो, अख्खं घरच उचलून खाडीपलीकडे, आईच्या वाट्याच्या जमिनीत नेणार होते. चिलोए बेटावर तशी रीतच. माणसं रुजतात, घरं फिरतात... आणि घर ओढायला बोलावलं, की नाही म्हणायचं नाही.

"येईन," बैलवाला एलादियो म्हणाला.

मग तो रोजच येऊ लागला. कधी घराखाली घालायचे ओंडके तासायला, कधी दोर बघायला. एकदा तर नुसताच — "पाऊस पडेलसं वाटलं, म्हणून..." बटाट्याच्या फुलांवर तेव्हा लख्ख ऊन होतं. भाजलेला बटाटा सोलून तिनं त्याच्या हातावर ठेवला. बोटं पोळली, तरी दोघांनी हात मागे घेतला नाही.

घर निघालं त्या दिवशी सारा गाव लोटला. वाटेत चूल विझू द्यायची नसते, म्हणून दोरालिसा आत, विस्तवापाशी. बाहेर बाया गात होत्या —

*घर निघालं, घर निघालं, चूल घेऊन पोटात,*
*नाव कुणाचं राहून गेलं बैलवाल्याच्या ओठात!*

पाणी चार हातांवर आलं, आणि बैल थांबले.

"अरे ए!" नोल्बेर्तो ओरडले. "थांबायला भरती काय तुझ्या सासऱ्याची आहे?"

गर्दी खो खो हसली. दोरालिसानं खिडकीतून डोकं काढलं.

"बैल दमले?"

"बैल नाही..." एलादियो जुवावरून हात फिरवत राहिला. "सगळी वाट मी तुलाच लांब ओढत आणलंय. आता पुढे... हातच उचलत नाही."

ती खिडकीतून आणखी बाहेर वाकली. पण पाणी उतरायला लागलं होतं. घर चिखलात रुतलं तर पणज्याच्या फळ्या तिथंच मोडणार.

"घर अडवून माणूस राहत नाही, एलादियो," ती हळूच म्हणाली. "ओढ. तू दिलेला दिवस आम्ही फेडू. तूही घाल की साकडं."

"मला कुठं न्यायचंय घर?"

तिनं खाडीपलीकडे पाहिलं. "आमच्या कुंपणाला लागून जागा आहे. जरा चढ आहे... बैल चढतील?"

त्यानं अशी आरोळी ठोकली, की बगळे उडाले. घर पाण्यात शिरलं, डुललं, तरंगलं. ओढून नेणाऱ्या होड्यांमागून धूर सोडत ते निघालं, आणि ती खिडकीत, दिसेनाशी होईपर्यंत.

हिवाळा गेला. सफरचंदाला फुलं आली तेव्हा दार वाजलं.

एलादियो. गुडघ्यापर्यंत भिजलेला, टोपी हातात.

"साकडं घालायला आलोय. घर ओढायचंय. लहानच आहे, एक खोली, एक चूल..." तो अडखळला. "फक्त... चुलीपाशी कोण बसणार, ते ठरायचंय."

आतून नोल्बेर्तो मोठ्यानं खोकले.

दोरालिसानं लाल शाल खांद्यावर ओढली.

"बसेन की," ती म्हणाली. "नाही म्हणायची रीत नाही ना आपल्यात."