दुसऱ्या माईकचा काटा

खोटं वाटलं तर वाटू द्या. उलट हे खोटं आहे असं कोणी मला पटवून दिलं, तर मी त्याचे पाय धरीन.

गुरुवार होता. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन.

स्टुडिओत बाबा. काचेपलीकडे मी आणि रेकॉर्डिस्ट.

माझे बाबा लोकगीतं गातात. साठ वर्षं गायले. सोमवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी त्यांना पहिल्या रेकॉर्डमधली बारा गाणी पुन्हा गायची होती.

"काका, घशाला जरा आराम द्या," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"सोमवारी कापणारच आहेत रे. निदान वापरून तरी घेऊ दे!"

आम्ही हसलो.

तिघं मिळून शेवटचंच हसलो.

*गाणं पहिलं*

आमच्या गाण्यांत मुख्य गायक ओळ पूर्ण करत नाही. अर्ध्यावर सोडतो. मागे झील धरणारे ती उचलतात आणि शेवटाला नेतात.

या बारा गाण्यांची झील माझी आत्या धरायची. बाबांची धाकटी बहीण. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

आता दोन्ही भाग बाबाच गाणार, असं ठरलं होतं. बाबांच्या हातातला डफ वाजला... अर्धी ओळ झाली... आणि बाबा थांबले.

सवय.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही.

मग खाली मान घालून म्हणाले, "तिचा माईक लावा."

"कोणाचा?" रेकॉर्डिस्टनं मला विचारलं.

"आत्याचा. लावा," मी म्हटलं.

*मध्येच, चाळीस वर्षांपूर्वीचं*

(हे आधीच सांगायला हवं होतं. टाळत होते.)

ती पहिली रेकॉर्ड होत होती. मी एकोणीस वर्षांची. गाणी पाठ होती, म्हणून काचेमागे तेव्हाच्या रेकॉर्डिस्टशेजारी बसले होते.

आत्या अशी काही गायली की बाबा झाकोळून गेले.

त्यांनी काचेतून मला खूण केली. आत्याच्या माईककडे बोट. मग हात आडवा.

"बंद करू?" त्या माणसानं विचारलं.

"करा," मी म्हटलं.

आत्या दिवसभर बंद माईकसमोर जीव तोडून गात राहिली.

रेकॉर्ड आली. आत्यानं शेजारणींना बोलावून ती लावली. झिलीला मागे उभ्या असलेल्या दोघा साथीदारांचेच आवाज. तिचा कुठेच नाही.

संध्याकाळी ती आमच्या घरी आली.

"दादा, रागावू नकोस हं. मी फारच हळू गायले बहुतेक. तुझी रेकॉर्ड बिघडवली."

बाबा गप्प.

मीही.

त्यानंतर ती कधी गायली नाही.

*गाणं दुसरं ते बारावं*

दुसरा माईक लागला. त्यामागे रिकामं स्टूल. आमच्यासमोरच्या यंत्रावर प्रत्येक माईकला एक काटा होता; आवाज जितका मोठा, तितका तो वर चढायचा.

बाबांनी अर्धी ओळ गायली. थांबले.

दुसऱ्या माईकचा काटा... हलला.

मी हेडफोन कानाशी दाबले. काही नाही. साधी खरखरसुद्धा नाही.

पण काटा वर चढत होता. बरोबर झिलीच्या चालीवर. ओळ संपली की खाली.

"वायर गेली असेल," रेकॉर्डिस्ट पुटपुटला. वायर बदलली. माईक बदलला. आवाज पूर्ण वाढवला.

काटा नाचत होता... कानात काही नाही.

बाबांना तो काटा दिसत नव्हता. तरी ते दर वेळी नेमके तेवढाच वेळ थांबत होते.

बारावं गाणं संपलं. बाबा स्टुलाकडे वळले.

"चिमे..."

आत्याला ते एकटेच चिमे म्हणायचे.

काटा उचलला गेला... आणि तिथेच थांबला.

"त्या दिवशी ना... ती टेपच खराब निघाली गं."

काटा सावकाश खाली आला.

*सोमवारनंतर*

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला.

बाबांनी वहीत लिहिलं, "पुन्हा खोटं बोललो. तू सांग तिला."

रेकॉर्डिस्ट आधी तयारच होईना. "ताई, त्या दिवसापासून मला त्या खोलीत बसवत नाही." हातापाया पडून त्याला तयार केलं.

मी त्या माईकसमोर बसले. सगळं सांगितलं. बाबांची खूण. माझं "करा". आमचं गप्प बसणं.

मग विचारलं, "आत्या, ऐकलंस?"

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टनं मला हातानं बोलावलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

काटा हलत होता.

गाण्याच्या चालीवर नाही. बोलल्यासारखा. अडखळत... थांबत... मध्येच एकदम वर...

ती उत्तर देत होती.

तब्बल सव्वीस मिनिटं.

मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हा बाबांनी वही आधीच उघडून ठेवली होती. "काय म्हणाली?"

"माफ केलं म्हणाली."

बाबा रडले. मग हसले. माझा हात कितीतरी वेळ थोपटत राहिले.

ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावते, आणि त्याच्या काट्याकडे बघत बसते. शेवटची दोन मिनिटं तो खाली येतच नाही... अगदी टोकाला जाऊन धडका मारत राहतो.

इतक्या मोठ्यानं कोणी माफ करतं का हो?